सहा सिलेंडरची जुनी जोंगा पिकअप घ्यावी का? (वरुड, संत्रा वाहतुकीसाठी)

वरुडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, शिवाय कपाशी, सोयाबीन, तूर. आजवर बाग झाडावरच व्यापाऱ्याला देत आलो. मागच्या हंगामात सौदा झाल्यावर भाव पडला आणि त्यानं अर्धी बाग तोडून बाकीची तशीच सोडून दिली. म्हणून यंदाच्या आंबिया बहाराचा माल आपणच तोडायचा आणि आपणच नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यायचा, असं घरात ठरलं आहे. त्यासाठी जुनी गाडी पाहतोय.

दोन गाड्या समोर आहेत. पहिली जोंगा, म्हणजे फौजेची जुनी जीपसारखी गाडी. पुलगावच्या बाजूला एकाकडे आहे, फौजेच्या लिलावातली. मागची बॉडी कापून डाला बसवलाय, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी आहे, पेट्रोलचं सहा सिलेंडरचं इंजिन. मागणी पावणेतीन लाख. दुसरी २०१७ ची बोलेरो पिकअप, अमरावती पासिंग, साधी टू व्हील ड्राइव्ह, सव्वाचार लाख.

बाबांचा जीव जोंगावर आहे. तरुणपणी पुलगावच्या फौजी डेपोकडे ये-जा असायची, तेव्हापासून ही गाडी त्यांच्या मनात आहे. मालक म्हणतो, सहा सिलेंडरच्या इंजिनाला मरण नाही. पुतण्या मोबाइलवर अमेरिकेतल्या सहा सिलेंडरच्या पिकअप दाखवतो. आमच्या वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीडेक किलोमीटर पांदण आहे, सगळी काळी माती. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. एका खेपेला दीड टन माल न्यायचा विचार आहे. मनापासून सल्ला द्या.

पांदणवाला

भाऊ, पहिले हे सांगा का गाडी वर्षाचे किती महिने चालन? संत्र्याचे दोन-अडीच महिने चालली न बाकी टाइम गोठ्याजवळ उभी राह्यली, त सहा सिलेंडर काय न चार काय. उभ्या गाडीले खर्च जास्त लागते. पेट्रोलची अशीन त अजूनच.

जुनं_इंजिन (अकोला)

माझं गॅरेज आहे आणि जोंगाची दोन इंजिनं मी या हातांनी उघडलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

जोंगा म्हणजे निस्सान कंपनीची साठ नंबरची 'पॅट्रोल' (Patrol) नावाची गाडी, तिचा परवाना घेऊन जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ पासून १९९९ पर्यंत बनत होती. जबलपूर हे आपल्या नागपूरहून सरळ रस्त्यावर, त्यामुळे विदर्भात या गाड्या बऱ्याच आल्या. इंजिन ३९५६ सीसीचं. बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ११४.३. स्ट्रोक लांब असल्यानं कमी आरपीएमला ओढ भरपूर. गिअर न बदलता चढ चढते, ती यामुळे.

सहा सिलेंडर एका रांगेत असले की इंजिनाचा समतोल फार सुंदर जमतो. चार सिलेंडरात क्रँक १८० अंश फिरल्यावर पुढचा स्फोट होतो, सहात दर १२० अंशाला. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. पिस्टनच्या वर-खाली होण्यानं जे धक्के बसतात ते या मांडणीत एकमेकांना पूर्ण खोडून काढतात, चार सिलेंडरात त्यातला काही भाग उरतो आणि तो स्टिअरिंगवर जाणवतो. म्हणून सहा सिलेंडरचं इंजिन शांत चालतं, बेअरिंगवर ताण कमी येतो. मालकाचं म्हणणं इथवर खरं आहे.

पण हे गुण नव्या, निगा राखलेल्या इंजिनाचे. तीस वर्षांच्या इंजिनात सहा सिलेंडर म्हणजे सहा पिस्टन, सहा रिंग सेट, बारा व्हॉल्व्ह. काम काढलं की दीडपट सामान. आणि ते सामान वरुड-मोर्शीत मिळत नाही. जबलपूरला माणूस पाठवावा लागतो, नाहीतर भंगारातून शोधावं लागतं. ऐन तोडणीत पाण्याचा पंप गेला तर माल झाडावर थांबतो का?

अजून एक गोष्ट लोक विसरतात. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. २००० मध्ये देशभर बिनशिशाचं पेट्रोल झालं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचं, ते गेल्यावर जुन्या मऊ सीट हळूहळू आत बसतात. आता त्यात ई-२० पेट्रोलची भर. वीस टक्के इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप, मेकॅनिकल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे पॅकिंग खराब होतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं. वर पांदणवाले भाऊ म्हणतात ते यासाठी बरोबर आहे.

काटोलचा_संत्रावाला

आम्ही कळमन्यात माल स्वतःच नेतो, त्यामुळे हिशेबच मांडतो. तुमच्याकडून जाऊन-येऊन २०० किलोमीटर धरा. जोंगा भरलेली असताना लिटरला पाचच्या वर देणार नाही. म्हणजे ४० लिटर पेट्रोल, शंभरीच्या वरचा भाव, चार हजार रुपये गेले. बोलेरो पिकअप माल भरून बाराच्या आसपास देते. १७ लिटर डिझेल, दीड हजार. एका फेरीला अडीच हजारांचा फरक. दोन्ही गाड्यांच्या किमतीत दीड लाखाचं अंतर आहे, ते साठ फेऱ्यांत फिटतं. त्यानंतर प्रत्येक फेरीला जोंगा तुमच्या खिशातून काढत राहील.

चिखलाचं म्हणाल तर बहाराचा विचार करा. आंबिया तुटतो ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग तुटतो फेब्रुवारीपासून. दोन्ही वेळा पांदण सुकलेली असते, परतीचा पाऊस लांबला तर ऑक्टोबरचे थोडे दिवस सोडून. आणि ट्रॅक्टर घरी आहे ना? क्रेट ट्रॉलीत भरून डांबरीवर आणायचे, तिथं पिकअपमध्ये चढवायचे. आमच्याकडे सगळे असंच करतात. हात दोनदा लागतो, मजुरी थोडी वाढते, पण त्यासाठी फोर बाय फोर पोसायची गरज नाही.

परतवाड्याचा_फोर_बाय_फोर

जोंगाबद्दल एवढं वाईट ऐकवत नाही, म्हणून लिहितोय. आमच्या मित्रांकडे एक आहे. चिखलदऱ्याचा घाट, सेमाडोहकडचे जंगलाचे कच्चे रस्ते, पावसाळ्यात नाल्यातून, सगळीकडे फिरलोय. पुढं-मागं अख्खा अॅक्सल, पाटे, जाड चासी. लो रेशो, म्हणजे हळू पण जास्त ओढीचा गिअर, टाकला की ती पायी चालल्यासारखी हळू, पण न थांबता चढते. इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही, पॉइंट, कंडेन्सर आणि कार्बोरेटर समजणारा कोणताही जुना मिस्त्री रस्त्यात चालू करून देतो. आजच्या गाडीचा एक सेन्सर गेला तर टो करून न्यावी लागते.

ती गाडी मनासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. बाबांची इच्छा आहे, त्यालाही किंमत आहे. फक्त ती जतन करण्याची गाडी आहे, हे मानून घ्या.

जुनं_इंजिन (अकोला)

परतवाड्याच्या भाऊंशी मी सहमत आहे. फक्त दीड टनाचा मुद्दा राहिला. जोंगा फौजेनं माणसं, वायरलेस, रुग्णवाहिका यासाठी वापरली, काहींवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवली. दीड टन माल रोज वाहायला ती बनलेलीच नाही. मागचे पाटे बसतील, शॅकल वाकतील. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. तेवढं वजन घेऊन नागपूरच्या गर्दीत ती थांबवणं जिवावरचं काम आहे. माल दोन खेपांत न्यावा लागेल, मग काटोलच्या भाऊंचा हिशेब दुप्पट करा.

यवतमाळकर_टेक्सास

मूळचा दारव्ह्याचा, सध्या इकडे. पुतण्यानं दाखवलेल्या गाड्या मी रोज पाहतो, त्यांची गोष्ट वेगळी आहे. फोर्डच्या पिकअपमध्ये ४.९ लिटरचं सरळ सहा सिलेंडर इंजिन १९९६ पर्यंत येत होतं, इकडचे शेतकरी अजून त्याचं नाव काढतात. डॉजच्या राम पिकअपमध्ये १९८९ पासून कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलेंडर डिझेल आलं. पण इथं पेट्रोल तिकडच्यापेक्षा स्वस्त, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि ही माणसं मागं मोठा ट्रेलर ओढतात. इथल्या शेतकऱ्याला सहा सिलेंडर परवडतं ते या तीन गोष्टींमुळे. वरुडला यातली एकही नाही.

जुनं_इंजिन (अकोला)

तेच ५.९ लिटरचं कमिन्स आपल्याकडं टाटाच्या ट्रकमध्ये आहे, टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात बनलेलं. आपल्याकडं सहा सिलेंडर ट्रकसाठी, पिकअपसाठी चार. बोलेरो पिकअप, टाटाची २०७ आणि योद्धा, चारच सिलेंडर. अशोक लेलँडच्या दोस्तला तीन, टाटाच्या जुन्या छोट्या हत्तीला दोन. एक-दीड टनाला चार सिलेंडर डिझेल पुरून उरतं.

कागद_आधी (अमरावती)

इंजिनाचं सगळं झालं, आता कागदांचं बोला. जोंगा तिथेच अडकेल असं मला वाटतं.

आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) हातात घ्या आणि वाहनाचा प्रकार वाचा. फौजेच्या लिलावातल्या बहुतेक जोंगा खासगी मोटारकार किंवा जीप म्हणून चढलेल्या असतात, पांढरी पाटी. मागं डाला बसवून त्यात संत्रा भरून बाजारात गेलात की ती मालवाहू झाली. भरारी पथकानं अडवलं तर दंड, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. डाला बसवणं हा वाहनातला बदल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नोंद नसेल तर ती गाडी कागदावर वेगळी आणि रस्त्यावर वेगळी.

इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः घासून वाचा. फौजेच्या वर्कशॉपात ओव्हरहॉलच्या वेळी इंजिन बदललेलं असू शकतं. लिलावाचं मूळ विक्रीपत्र मालकाकडं आहे का, हेही विचारा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारगाडीला हे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये केलं आहे. शिवाय पर्यावरण कर. पिकअप पिवळ्या पाटीची असते, तिला आठ वर्षं झाल्यावर दरवर्षी फिटनेस. म्हणजे २०१७ च्या पिकअपलाही हा खर्च आहेच, तो किमतीत धरून भाव करा. तीन टनांच्या आत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, तेवढी एक मोकळीक.

नर्सरीवाली_शेंदूरजनाघाट

आमचं कलमांचं काम आहे, त्यामुळे माझी गरज दादांच्या अगदी उलट. संत्र्याची कलमं जुलै-ऑगस्टमध्ये जातात, ऐन पावसात, गिऱ्हाइकाच्या वावरापर्यंत. ट्रॅक्टरनं पन्नास-साठ किलोमीटर कलमं नेता येत नाहीत, माती हलते, मुळं उघडी पडतात. म्हणून आम्ही जुनी बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह घेतली. मीच चालवते.

तरी खरं सांगते, काळ्या मातीत फोर बाय फोरवर फार विसंबू नका. ही माती टायरच्या नक्षीत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं जागेवर फिरतात. गाडी रिकामी असली तर निघते, भरलेली असली तर अॅक्सलपर्यंत बसते आणि शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मुरूम टाकलेल्या पांदणीत मात्र खूप फरक पडतो. तुमच्या पांदणीवर मुरूम पडला असेल तर साधी पिकअपही जाईल. नसेल तर ग्रामपंचायतीकडं पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत अर्ज लावा, तो खर्च जोंगापेक्षा सत्कारणी लागेल.

तिवसेकर

एक महत्त्वाचं, ताई-दादांनो. पिकअप घरात आली की तोडणीचे मजूर मागच्या डाल्यात बसवायला सुरुवात होते. कृपा करून करू नका. मालवाहू गाडीच्या डाल्यात बसलेल्या माणसांना विम्याचं संरक्षण नसतं, भरपाई मालकाच्या अंगावर येते, शेतीवर बोजा चढतो. केबिनमध्ये मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसू शकतो, तेवढंच. आमच्या भागात कापूस वेचणीला निघालेल्या बायांची गाडी उलटली आहे. त्या घरांची काय अवस्था झाली ते पाहिलंय.

वरुडचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. तिवसेकर भाऊ, हे बाबांना वाचून दाखवलं, मजूर गाडीत बसवायचे नाहीत हे ठरलं.

पुलगावला जाऊन आलो. सोबत वर्ध्याचा ओळखीचा मिस्त्री नेला. जुनं_इंजिन दादा, तुम्ही फोनवर सांगितलं तसंच केलं. मालकाला आदल्या दिवशी बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. हात लावला तर इंजिन थंड होतं. स्टार्ट लगेच घेतला, आवाज खरोखर गोड आहे. बाबा बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. धूर सुरुवातीला निळसर निघाला, गरम झाल्यावर कमी झाला पण थांबला नाही.

मग सहाही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले. पाच तपकिरी, कोरडे. सहावा, म्हणजे अगदी मागचा, केबिनच्या भिंतीजवळचा, काळा आणि तेलानं ओला. मिस्त्रीनं सिलेंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला. पाच सिलेंडर ११५ ते १२५ पीएसआय, सहावा ८०. त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं तर ११० वर गेला. मालक म्हणाला, एकाच सिलेंडरचं काम आहे, पाच झकास आहेत.

आरसीवर मोटारकार लिहिलंय. डाल्याची नोंद नाही. लिलावाचे कागद आधीच्या मालकाकडं राहिले म्हणतो.

जुनं_इंजिन (अकोला)

तेल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढलं म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहे, रिंगा आणि बोअर झिजलंय. व्हॉल्व्ह गळत असता तर तेल टाकूनही काटा हलला नसता. तुमच्या मिस्त्रीनं काम चोख केलं.

पण "एकाच सिलेंडरचं काम" हे मानू नका. एका बोअरमध्ये एवढी झीज आहे तर ब्लॉक उतरवावाच लागेल, आणि ब्लॉक उतरवल्यावर फक्त सहावा बोअर करून बाकी पाच जुने ठेवणारा मिस्त्री तुमचा हितचिंतक नाही. सहा बोअर, सहा ओव्हरसाइज पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम, जबलपूरच्या चकरा. पावणेतीनची गाडी चारच्या घरात जाते आणि तरीही कागद नसलेली राहते.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या कामाला ती चुकीची आहे.

परतवाड्याचा_फोर_बाय_फोर

लिलावाचे कागद नाहीत तिथंच थांबा. मी जोंगाचा चाहता आहे आणि तरी हेच सांगेन. कागद नसलेली फौजी गाडी पुढे विकताही येत नाही.

वरुडचा_बागायतदार

जोंगा घेत नाही. बाबांशी बोललो. त्यांनी कॉम्प्रेशनचे आकडे स्वतः पाहिले होते, त्यामुळे समजवावं लागलं नाही, पण वाईट वाटलंच त्यांना, आणि मलाही. आता बोलेरो पिकअप पाहायला सोमवारी अमरावतीला जातोय. तिथं काय पाहू? आरसीवर फायनान्सचा बोजा दिसतोय, मालक म्हणतो कर्ज फिटलं आहे.

जुनं_इंजिन (अकोला)

हे २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं कॉमन रेल डिझेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जबर दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल जातं. एक सक्त सूचना, जुन्या डिझेलवर आपण इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून कोणता सिलेंडर मारत नाही ते बघायचो, ते इथं अजिबात करायचं नाही. रेलमधलं प्रेशर इतकं असतं की डिझेलची धार हातात घुसते. कोणी मिस्त्री पाना घेऊन तसं करायला लागला तर हात धरा. इंजेक्टरची तपासणी स्कॅनर लावून होते.

थंड इंजिनावर स्टार्ट करा. चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडून उलटं ठेवा, ते उडत असेल किंवा भपकारे येत असतील तर रिंगा गेल्या. मग इंजिन बंद करून टर्बोचा पाइप काढा आणि पंख्याला बोटानं हलवा, बाजूला खेळत असेल तर टर्बोचा खर्च धरा. गाडीखाली झोपा. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चासीला वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर ती गाडी रेती-गिट्टीवर जास्त वजनानं चाललेली आहे, सोडून द्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चार टायर संपले असतील तर तेवढे पैसे सरळ कमी करायला सांगा. मग डाल्यात पोती टाकून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून बघा, क्लच घसरतो का ते तिथं कळतं.

कागद_आधी (अमरावती)

कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दाखवायला सांगा. बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इसार देऊन थांबा. सरकारच्या 'परिवहन' साइटवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, टॅक्स, विमा, ई-चलन पाहा. मालवाहू गाडीवर ओव्हरलोडची चलनं थकलेली असतात, ती विकणाऱ्यानं भरायची. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या तुमच्यासमोर. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.

आणि हे सगळं आंबियाची तोडणी सुरू व्हायच्या आधी उरका. फिटनेसची तारीख मिळायला वेळ लागतो, ऑक्टोबरमध्ये धावपळ होईल.

काटोलचा_संत्रावाला

गाडी झाली की कळवा. कळमन्यात पहिल्यांदा येताना रात्रीच निघा, पहाटेच्या आत रांगेत लागलं तर लिलावात लवकर नंबर येतो. भाव टनावर होतो, म्हणून आकाराप्रमाणे प्रत घरीच काढून आणा. लहान फळ मोठ्यात मिसळलं की सगळा माल लहानाच्या भावात जातो. डाल्यात खाली पऱ्हाटी-कुटार टाकू नका, क्रेटच वापरा, फळ दबत नाही.